मर्यादेच्या आतलं विष

प्रदूषणाविषयीच्या जवळजवळ प्रत्येक अहवालात एक वाक्य हमखास असतं: ‘सर्व घटकांचे प्रमाण विहित मर्यादेच्या आत आहे.’ हे वाक्य आलं की चर्चा संपते. तक्रार करणारा गप्प होतो, अधिकारी फाइल बंद करतो, कारखान्याचा माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो. मी गेली बरीच वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवते आहे, आणि या वाक्यावर माझा आक्षेप आहे. ते खोटं असतं असं मी म्हणत नाही, आकडे बहुधा खरेच असतात. पण ते वाचून माणसाची समजूत होते की रेषेच्या अलीकडे शरीराला काही होत नाही. पुष्कळ प्रदूषकांच्या बाबतीत ही समजूत चुकीची आहे आणि ती तशीच राहू देणं धोक्याचं आहे.

एन्झाइमचा, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांचा, पाठ घेताना शिशाचं उदाहरण येतंच. दरवर्षी वर्गातलं कुणीतरी विचारतं, ‘पण मॅडम, किती शिसं चालतं?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्याआधी मी फळ्यावर शिशाचा आयन काढते आणि त्याच्या शेजारी कॅल्शियमचा. दोघांवर सारखाच धन प्रभार, आकारही जवळपासचा. पेशीच्या आवरणात कॅल्शियमची ये-जा होण्यासाठी प्रथिनांची दारं असतात. समोर कोण आलंय हे त्या दारांना प्रभारावरून आणि आकारावरूनच ओळखावं लागतं, आणि शिशाच्या बाबतीत ती फसतात. आतड्यातून रक्तात, रक्तातून मेंदूत, रक्तातून हाडात जाताना शिसं बऱ्याच अंशी कॅल्शियमचीच वाट वापरतं. म्हणून तर ज्या मुलाच्या आहारात कॅल्शियम आणि लोह कमी, ते मूल शिसं जास्त शोषून घेतं. उपाशी मुलाला विषही अधिक बाधतं, त्यामागे ही इतकी साधी रासायनिक गोष्ट आहे.

आत गेल्यावर काय होतं तेही जवळून पाहायला हवं. हिमोग्लोबिनमध्ये लोह धरून ठेवणारा जो भाग असतो, हीम, तो पेशी टप्प्याटप्प्याने तयार करते. त्यातल्या एका टप्प्यावर एएलएडी नावाचं एन्झाइम काम करतं. त्याच्या नेमक्या कामाच्या जागी जस्ताचा एक अणू बसलेला असतो, तीन गंधकांनी तिन्ही बाजूंनी धरलेला. शिशाची गंधकाशी जवळीक जस्ताहून अधिक. ते येतं, जस्ताला उठवतं, त्या जागी स्वतः बसतं आणि एन्झाइमचं काम थांबतं. मेंदूत याहून वाईट घडतं. चेतापेशींच्या सांध्यांवर एनएमडीए नावाचे रिसेप्टर, म्हणजे रासायनिक निरोप टिपणारी प्रथिनं, असतात, शिकणं आणि लक्षात ठेवणं त्यांच्यावर अवलंबून असतं. शिसं त्यांच्या कामात अडथळा आणतं. वाढत्या मेंदूत कोणते सांधे ठेवायचे आणि कोणते छाटायचे हे त्यांच्या वापरावरून ठरतं, आणि वापराची ही खबर पेशीच्या आत पोचवण्याचं काम मुख्यतः कॅल्शियमचं. त्या निरोपात शिशाने ढवळाढवळ केली तर बांधणीच वेगळी होते. मोठेपणी ती उसवून पुन्हा बांधता येत नाही.

आता ‘किती चालतं?’ एका अणूने एका जस्ताला उठवलं तर एक एन्झाइम बंद पडतं, हजार अणूंनी उठवलं तर हजार. अमुक संख्येपर्यंत जस्त जागचं हलणारच नाही, अशी पायरी या हिशोबात कुठेही नाही. शरीराकडे राखीव ताकद असते, म्हणून थोड्या नुकसानीचं लक्षण बाहेर दिसत नाही, एवढंच. लक्षण दिसत नाही म्हणून नुकसान झालंच नाही, असं आपण धरून चालतो. माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळ इथे आहे.

२००५ मध्ये सात वेगवेगळ्या अभ्यासांतल्या १,३३३ मुलांची माहिती एकत्र करून तपासली गेली. रक्तातलं शिसं एका डेसिलिटरमागे २.४ मायक्रोग्रॅमवरून १० वर गेलं तेव्हा बुद्ध्यंक सरासरी ३.९ गुणांनी घटलेला दिसला. १० वरून २० वर जाताना आणखी १.९ गुण गेले, आणि २० वरून ३० वर जाताना १.१. म्हणजे सर्वांत मोठं नुकसान पहिल्याच थोड्या मायक्रोग्रॅममध्ये होतं, तेही ज्या पट्ट्याला त्या वेळी ‘मर्यादेच्या आत’ म्हटलं जात होतं त्या पट्ट्यात.

या मर्यादेचा प्रवासही बघण्यासारखा आहे. अमेरिकेत १९६० च्या दशकात मुलांच्या रक्तातल्या शिशाची चिंतेची पातळी ६० होती. १९७१ मध्ये ती ४० झाली, १९७५ मध्ये ३०, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५. या साठ वर्षांत मुलांच्या शरीरात काहीही बदललेलं नाही, जस्त तेव्हाही असंच उठत होतं. १९६० च्या दशकात ज्या मुलाच्या रक्तात ३५ मायक्रोग्रॅम शिसं निघालं असेल त्याच्या आईला काळजीचं कारण नाही असंच सांगितलं गेलं असणार. आजच्या आकड्याच्या ते बरोबर दहापट आहे. तिने विश्वास ठेवला यात तिची काही चूक नव्हती.

हे कळायला इतका वेळ का लागला? विज्ञान हळूहळू पुढे जातं हे खरं, पण इथे ते एकमेव कारण नव्हतं. पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळलं की इंजिनाची ठोकठोक थांबते, हा शोध थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये लावला. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात ते संयुग बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. पुढच्याच वर्षी भरलेल्या बैठकीत औद्योगिक आरोग्याच्या जाणकार ॲलिस हॅमिल्टन आणि शरीरशास्त्रज्ञ यांडेल हेंडरसन यांनी स्पष्ट इशारा दिला. हे विष रस्त्यारस्त्यांवर पसरेल आणि सावकाश भिनेल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्यापुढे उद्योगाच्या पैशावर संशोधन करणारे रॉबर्ट कीहो उभे राहिले. शिसं माणसाच्या शरीरात निसर्गतः असतंच, शरीर ते बाहेर टाकतं, ठरावीक पातळीखाली ते अपाय करत नाही, आणि अपाय होतो असं म्हणणाऱ्यांनी तो सिद्ध करून दाखवावा, अशी त्यांची भूमिका होती. ही भूमिका पुढची चाळीस वर्षं टिकली. तिचा रोख विज्ञाननिष्ठ वाटतो, ‘पुरावा दाखवा’ म्हणण्यात गैर ते काय? पण पुरावा गोळा होईपर्यंत विष चालू ठेवायचं, आणि पुरावा तर माणसांच्या शरीरातच तयार होणार, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होता.

ही भिंत फोडली ती दोघांनी. क्लेअर पॅटरसन मुळात पृथ्वीचं वय मोजत होते. १९५६ मध्ये त्यांनी ४५५ कोटी वर्षं हा आकडा दिला. त्यासाठी दगडातलं शिसं मोजताना त्यांना आढळलं की हवेतून, भांड्यांवरून, स्वतःच्या अंगावरून येणारं शिसं मोजमाप बिघडवतंय. त्यांनी आत काहीही शिरणार नाही अशी स्वच्छ प्रयोगशाळा उभारली. तिथे काम केल्यावर सगळीकडे पसरलेल्या या शिशाने त्यांना स्वस्थ बसू दिलं नाही. १९६५ मध्ये त्यांनी मांडलं की आजच्या माणसाच्या शरीरातलं शिसं नेहमीचं असेल, पण नैसर्गिक नाही, ते नैसर्गिक पातळीच्या शंभरपट आहे. ‘नेहमीचं’ आणि ‘नैसर्गिक’ यांतला हा फरक मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. सगळ्यांच्याच रक्तात विष असेल तर तुलना करायला निर्विष माणूस उरत नाही, आणि सरासरी हीच तब्येत ठरते.

दुसरे हर्बर्ट नीडलमन. रक्तातलं शिसं काही आठवड्यांत उतरतं, मग मुलाने लहानपणी किती शिसं घेतलं हे नंतर कसं ओळखायचं? नीडलमननी पडलेले दुधाचे दात गोळा केले. दात म्हणजे कॅल्शियमचीच घडण, शिसं तिथे जाऊन बसतं आणि पडेपर्यंत हलत नाही. १९७९ मध्ये त्यांनी दाखवलं की विषबाधेचं कुठलंही लक्षण नसलेल्या मुलांतही ज्यांच्या दातात शिसं जास्त, त्यांचा बुद्ध्यंक कमी आणि वर्गात लक्ष लागण्याची क्षमता कमी. सात-आठ वर्षांच्या मुलाने खिशात घालून आणलेल्या, तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या दाताने जे सांगितलं ते चाळीस वर्षांच्या संशोधनाने सांगितलं नव्हतं. नीडलमनना त्याची किंमतही मोजावी लागली. त्यांच्यावर संशोधनात गैरप्रकाराचे आरोप झाले, चौकशी झाली, आणि त्यातून ते निर्दोष सुटले.

यावर कुणी म्हणेल की एका धातूवरून सगळ्या रसायनांबद्दल बोलू नये. मान्य. ‘मात्रेवरच विष ठरतं’ हे पॅरासेल्ससचं सोळाव्या शतकातलं तत्त्व आजही बऱ्याच पदार्थांना लागू पडतं. शरीर काही मुकाट्याने मार खात नाही. डीएनएवर रोज हजारो घाव पडतात आणि पेशी ते दुरुस्त करते. यकृतात परक्या रसायनांची विल्हेवाट लावणारी एन्झाइमांची फौजच आहे. थोड्या मात्रेचा भार ही यंत्रणा निभावून नेते, त्यामुळे पुष्कळ पदार्थांसाठी खरोखरीची सुरक्षित पातळी असते. मी सरसकट भीती पसरवण्याच्या बाजूची नाही. पण ही दुरुस्तीची यंत्रणा कुठे कमी पडते, आणि कुठे उलटते, हेही सांगायला हवं.

काजळीत, धुरात, डांबरात बेन्झोपायरीन नावाचा रेणू असतो, पाच कड्या एकमेकींना चिकटलेल्या, चपटा, तेलकट. मुळात तो निरुपद्रवी म्हणावा इतका थंड. पण पाण्यात विरघळत नसल्याने शरीराला तो बाहेर टाकता येत नाही. म्हणून पेशी त्याच्यावर ऑक्सिजन चिकटवते. एकदा चिकटवते, पाण्याचा रेणू जोडते, पुन्हा एकदा चिकटवते. या खटाटोपात एक अतिशय उतावळा रेणू तयार होतो आणि तो डीएनएमधल्या ग्वानिन या अक्षराला जाऊन घट्ट चिकटतो. दुरुस्ती झाली तर ठीक, नाही तर पेशी दुभंगताना त्या जागी चुकीचं अक्षर लिहिलं जातं. म्हणजे विष बाहेरून आलेलं नव्हतं, कच्चा माल बाहेरून आला आणि विष आपल्याच सफाई खात्याने बनवलं. १९९६ मध्ये संशोधकांनी हा उतावळा रेणू प्रयोगशाळेत पेशींना दिला आणि पेशीच्या वाढीला लगाम घालणाऱ्या पी५३ या जनुकात तो कुठे चिकटतो ते पाहिलं. १५७, २४८ आणि २७३ या क्रमांकांच्या जागांवर तो सर्वाधिक चिकटला. फुप्फुसाच्या कर्करोगात पी५३ बिघडण्याच्या मुख्य जागांमध्येही याच जागा येतात.

याहून नेमका पुरावा काय असणार? पण तो यायला किती काळ लागला? काजळीचा आणि कर्करोगाचा संबंध पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७५ मध्ये लिहून ठेवला होता. धुराडी साफ करायला आत सोडल्या जाणाऱ्या लहान मुलांना पुढे अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग होतो, हे त्यांनी पाहिलं होतं. १७७५ ते १९९६ म्हणजे २२१ वर्षं. आणि १८९२ मध्ये हेन्री बटलिन यांनी एक साधी गोष्ट नोंदवली. इंग्लंडबाहेर युरोपातल्या इतर देशांत हेच काम करणाऱ्यांना हा रोग फारसा होत नव्हता, कारण ते अंगभर कपडे घालत आणि काम झाल्यावर नीट अंग धूत. त्यांना ना बेन्झोपायरीन माहीत होतं ना डीएनए. रेणूची कथा माहीत नसताना त्यांचा जीव वाचला.

माझ्या विषयाचा मला अभिमान आहे, म्हणूनच हे मी जोर देऊन सांगते. रेणूच्या पातळीवरचं ज्ञान हे कृती करण्याची पूर्वअट म्हणून वापरलं जाऊ लागलं की ते माणसांच्या विरोधात जातं. ‘नेमकी प्रक्रिया अजून सिद्ध झालेली नाही’ हे वाक्य विज्ञानात खरं असतं आणि धोरणात अनेकदा ढालीसारखं वापरलं जातं. मला हे ज्ञान नेमकं उलट्या दिशेने वापरलेलं हवं आहे. एखाद्या रेणूची ठेवण पाहून तो शरीरात कुणाच्या जागी बसेल याचा अंदाज आज बऱ्यापैकी बांधता येतो. तो अंदाज माल बाजारात येण्याआधी बांधा. रुग्ण तयार झाल्यावर कारण शोधत बसणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.

बिस्फेनॉल ए या रसायनाचंच पाहा. ते स्त्री-संप्रेरकासारखं वागतं हे चार्ल्स डॉड्स यांना १९३६ मध्येच दिसलं होतं. पुढे त्यापासून पारदर्शक, कडक प्लॅस्टिक आणि डब्यांची आतली अस्तरं बनू लागली, आणि १९३६ ची नोंद कुणाच्या आड आली नाही. संप्रेरकांची गोष्ट शिशाहूनही नाजूक. ती रक्तात इतक्या अल्प प्रमाणात असतात की त्यांच्यासाठीचे रिसेप्टर अगदी हलक्या हाकेलाही ओ देतात. जास्त मात्रेत काही दिसलं नाही म्हणून कमी मात्रेत काही होणार नाही, हा नेहमीचा तर्क इथे चालेलच असं नाही. गर्भाच्या वाढीत तर मात्रेइतकंच महत्त्व वेळेला. डॉड्स यांनीच १९३८ मध्ये बनवलेलं डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक गर्भपात टळावा म्हणून गरोदर स्त्रियांना वर्षानुवर्षं दिलं गेलं. त्या आयांच्या तरुण मुलींमध्ये योनिमार्गाचा एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग १९७१ मध्ये आढळला. गोळी आईने घेतली होती, तीही वीस वर्षांपूर्वी.

बिस्फेनॉल ए रोज किती पोटात गेलं तर चालेल, याचा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेचा आकडा २०२३ मध्ये वीस हजार पटींनी खाली आला, शरीराच्या दर किलो वजनामागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर. वीस हजार पटींची चूक दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात खपवून घेतली असती? दरम्यान ‘बिस्फेनॉल ए मुक्त’ अशी अक्षरं छापलेल्या वस्तू बाजारात आल्या. त्यांतल्या कित्येकांत बिस्फेनॉल एस होतं, त्याच कुळातलं, जवळजवळ त्याच ठेवणीचं, आणि इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या त्याच रिसेप्टरवर परिणाम करणारं. ग्राहक आगीतून निघाला तो फुफाट्यात. एकेका रेणूवर बंदी घालत गेलं की हे असंच होत राहणार, कारण रसायनशास्त्रज्ञाला एक कडी बदलायला फार वेळ लागत नाही आणि नियम करणाऱ्याला पुरावा जमवायला दशकं लागतात. फ्लोरिनयुक्त ‘चिरस्थायी’ रसायनांची कथा याच वळणाची. तिथे तर कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध तोडणारं काही शरीरात नाही, त्यामुळे काही संयुगं रक्तातून निम्मी व्हायलाही वर्षं लागतात. अमेरिकेने २०२४ मध्ये त्यांतल्या दोन मुख्य संयुगांसाठी पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरमागे ४ नॅनोग्रॅम ठरवली. कुळात हजारो संयुगं आहेत. नियम कुळाला लावायला हवा.

हवेतल्या सूक्ष्मकणांबद्दल अलीकडे जे कळलं त्याने मला स्वतःला माझ्या नोट्स बदलाव्या लागल्या. कर्करोग घडवणारा पदार्थ डीएनए बिघडवतो असं आम्ही शिकत आणि शिकवत आलो. २०२३ मध्ये लंडनमधल्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाने वेगळंच चित्र पुढे ठेवलं. २९५ माणसांच्या दिसायला निरोगी असलेल्या फुप्फुसांच्या ऊतींत त्यांनी बिघडलेली जनुकं शोधली. कर्करोगाशी जोडलेले ईजीएफआर जनुकातले बिघाड १८ टक्के नमुन्यांत, तर केआरएएसमधले ५३ टक्के नमुन्यांत सापडले. म्हणजे वयानुसार बिघडलेल्या काही पेशी आपल्यात असतातच, पण त्या निपचित पडून असतात. सूक्ष्मकण फुप्फुसात गेले की तिथल्या भक्षक पेशी इंटरल्यूकिन-१ बीटा नावाचा दाहाचा निरोप सोडतात, आणि त्या निरोपाने निपचित पेशी जाग्या होऊन वाढू लागतात. उंदरांमध्ये हा निरोप अडवला तेव्हा गाठी कमी झाल्या. बिघाड आधी आणि चिथावणी नंतर, ही कल्पना आयझॅक बेरेनब्लम यांनी १९४० च्या दशकातच मांडली होती.

याचा धोरणाशी संबंध असा: एखादं रसायन कर्करोग घडवतं का हे पाहताना पहिली चाचणी बहुतेकदा ‘ते डीएनए बिघडवतं का’ हीच असते. या चाचणीत सूक्ष्मकणांसारखी चिथावणी सुटून जाते. चाळणीची भोकंच मोठी असतील तर चाळलेल्या पिठात किडे नाहीत असं सांगून काय उपयोग? जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये सूक्ष्मकणांसाठी दर घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅम ही वार्षिक पातळी सुचवली होती, २०२१ मध्ये ती ५ वर आणली. अनेक देशांच्या स्वतःच्या मर्यादा आजही याच्या कित्येक पट वर आहेत, आणि तिथले अहवालही प्रमाण मर्यादेच्या आत असल्याचंच सांगतात.

शिवाय मर्यादा ठरते ती सरासरी माणसासाठी. परक्या रेणूंची विल्हेवाट लावणारं जीएसटीएम१ हे जनुक काही लोकसमूहांत जवळपास निम्म्या माणसांत मुळातच नसतं. काही फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांचा निचरा करणारं पीओएन१ हे एन्झाइम नवजात बाळात प्रौढांपेक्षा खूपच कमी असतं. एकाच खोलीत, एकाच हवेत बसलेली दोन माणसं रेणूंच्या हिशोबात एकाच ठिकाणी नसतात.

आता विरोधी बाजू. उद्योग चालवणारे, शेती करणारे विचारतात की मग सगळं बंद करायचं का? शून्य प्रदूषण कुठेच शक्य नाही. हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. १९७४ मध्ये योहानेस रूक यांनी दाखवलं की पाण्यात क्लोरीन घातलं की त्यातल्या सेंद्रिय पदार्थांशी संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी संयुगं तयार होतात. म्हणून क्लोरीन बंद करावं असं मी कधीही म्हणणार नाही. पटकीने आणि विषमज्वराने मरणारी माणसं त्याने वाचवली आहेत, आणि तो सौदा उघडपणे मांडला तर कुणीही मान्य करेल. माझी तक्रार सौद्याबद्दल नाही, तो न सांगण्याबद्दल आहे. मर्यादेचा आकडा हा जीवशास्त्र, मोजण्याच्या यंत्राची कुवत, खर्च आणि वाटाघाटी यांचं मिश्रण असतो. तसं असायला हरकत नाही. पण मग अहवालात ‘सुरक्षित’ न लिहिता ‘इतका धोका आपण या कारणासाठी पत्करला आहे’ असं लिहा, आणि तो कुणी पत्करला, कुणाच्या वतीने, तेही लिहा. धोका सोसणारा आणि फायदा घेणारा एकच माणूस असेल तर वाद फारसा उरत नाही. बहुधा ती दोन वेगळी माणसं असतात, आणि त्यांतलं एक पुष्कळदा पाळण्यात असतं.

दुसरं असं की पुराव्याचा भार फिरवायला हवा. युरोपने २००७ पासून ‘माहिती नाही तर बाजारही नाही’ असं तत्त्व स्वीकारलं. अंमलबजावणीत त्रुटी असतील, पण दिशा योग्य आहे. याउलट अमेरिकेत १९७६ चा रसायन कायदा आला तेव्हा आधीपासून वापरात असलेली सुमारे ६२,००० रसायनं तपासणीविनाच पुढे चालू राहिली. ती सगळी घातक नाहीत. पण कोणती नाहीत हे कुणी बघितलेलं नव्हतं.

आणि मोजमाप फक्त धुराड्याच्या तोंडाशी आणि नाल्याच्या मुखाशी करून भागणार नाही, ते माणसाच्या रक्तात व्हायला हवं. धुराड्यापाशी एकेक पदार्थ मोजला जातो, शरीरात ते सगळे एकत्र येतात. जपानमधल्या मिनामाता इथे हे फार जिवावर बेतून कळलं. १९५६ मध्ये तिथला रोग उघडकीला आला, चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून समुद्रात सोडलेला पारा माशांत आणि माशांतून माणसांत गेला होता. वार (प्लॅसेंटा) गर्भाला विषापासून वाचवते, असा तेव्हाच्या वैद्यकाचा विश्वास होता. प्रत्यक्षात मिथाइल पारा सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटला की मेथिओनीन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखा दिसतो, आणि बाळाच्या वाढीसाठी मेथिओनीन आत घेणारी प्रथिनं त्यालाही आत घेतात. आई स्वतः बरी आणि मूल जन्मतः अपंग, असं घराघरांत घडलं. डॉ. मासाझुमी हारादा यांनी ही मुलं तपासली. जन्माच्या वेळची पारापातळी नंतर कुठून आणणार? पण तिथल्या घरांत बाळाची नाळ वाळवून छोट्या पेटीत जपून ठेवायची रीत होती. त्या नाळा तपासल्या गेल्या. कारखान्याचं उत्पादन ज्या वर्षांत चढत गेलं, त्याच वर्षांत जन्मलेल्या बाळांच्या नाळेतला पाराही चढत गेलेला निघाला. कंपनीच्या कागदपत्रांत जे नव्हतं ते आयांनी जपलेल्या पेट्यांत होतं.

रक्त मोजलं की धोरण हलतं, याचाही दाखला आहे. १९८२ च्या सुमारास अमेरिकेत पेट्रोलमधल्या शिशाचे नियम सैल करण्याचा विचार चालू होता. त्याच वेळी राष्ट्रीय आरोग्य पाहणीचे आकडे हाती आले: १९७६ ते १९८० या काळात लोकांच्या रक्तातलं शिसं सरासरी ३७ टक्क्यांनी उतरलं होतं, आणि ही उतरण पेट्रोलमधल्या शिशाच्या घटत्या वापराशी पावलाला पाऊल मिळवून चालली होती. नियम सैल व्हायच्या ऐवजी कडक झाले. अशी पाहणी जिथे नाही तिथे वाद फक्त अंदाजांवर चालतो, आणि त्यात ज्याच्याकडे वकील जास्त तो जिंकतो.

वाहनांच्या पेट्रोलमधून शिसं काढणारा शेवटचा देश अल्जीरिया. २०२१ च्या जुलैमध्ये तिथला साठा संपला, मिजली यांच्या शोधानंतर बरोबर शंभर वर्षांनी. पण शरीरातलं शिसं त्या दिवशी संपलं नाही. लहानपणी जे श्वासातून गेलं त्यातलं बरंचसं कॅल्शियमच्या वाटेने हाडांत जाऊन बसलं आहे, आणि तिथून निम्मं व्हायला त्याला दशकं लागतात. गरोदरपणात बाळाच्या हाडांसाठी आईचं हाड झिजतं तेव्हा कॅल्शियमबरोबर ते रक्तात उतरतं आणि वारेतून पलीकडे जातं. पाळी थांबल्यावर हाडं विरळ होऊ लागतात तेव्हाही ते उतरतं. १९७० च्या दशकात रहदारीच्या रस्त्यालगत वाढलेली मुलगी आज पन्नाशीत आहे. तिच्या हाडातून जो अणू या क्षणी सुटतोय तो रक्तातून फिरून पुन्हा एखाद्या एएलएडीपाशी जाईल आणि तिथलं जस्त उठवून त्या जागी बसेल.